कोंबुचाची बाटली जानेवारीत सपक, एप्रिलमध्ये कारंजं: नेमकं बिघडतं कुठे?

तक्रार दरवर्षी तीच. थंडीत कोंबुचाची, म्हणजे घरी आंबवलेल्या गोड चहाची, बाटली उघडली की झाकणाचा नुसता 'टक' आवाज येतो आणि आत गोडसर, सपक चहा. तीच कृती, तीच बरणी, तेच साखरेचं माप. पण द्राक्षांचा हंगाम भरात आला आणि ऊन तापलं की तशीच बाटली उघडताना अर्धी छतावर जाते. मग कोणी साखर कमी करायला सांगतं, कोणी स्कोबी (चहा आंबवणाऱ्या यीस्ट आणि जिवाणूंची चकती) बदलायला, कोणी बाटल्यांनाच नावं ठेवतं. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं निघतं. पण नाशिकमध्ये ऋतू बदलला की हे दुखणं परत येतं, ते वेगळ्याच गोष्टीमुळे: बाटलीत गॅस भरण्याची आपली पद्धत बिअरवाल्यांकडून उचललेली आहे आणि त्यांचा हिशोब कोंबुचाला लागू पडत नाही.

आधी त्यांचा हिशोब बघू. बिअर करणारा आंबवणं पूर्ण होऊ देतो. हायड्रोमीटरचा (पेयाची घनता, म्हणजे त्यात साखर किती उरली, हे दाखवणाऱ्या नळीचा) आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, की यीस्टला खाता येईल अशी साखर संपली असं तो धरतो. मग मोजून साखर घालतो आणि बूच मारतो. एक लिटर पेयात एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असला की त्याला एक व्हॉल्यूम म्हणतात. वजनात हा गॅस साधारण २ ग्रॅम भरतो. आपली नेहमीची साखर लिटरमागे ४ ग्रॅम घातली की तिच्यातून जवळपास एक व्हॉल्यूम मिळतो. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये आधीचाच पाऊणहून थोडा जास्त व्हॉल्यूम उरलेला असतो. तिला अडीच व्हॉल्यूमवर न्यायचं तर लिटरमागे साडेसहा ग्रॅम साखर पुरते. ती संपली की काम थांबतं. बाटली कपाटात महिनाभर राहिली तरी गॅस वाढत नाही. (हिशोब समजून घ्या, बिअर करायला जाऊ नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ती करणं गुन्हा आहे, घरी असली तरी.)

कोंबुचात साखर संपतच नाही. लिटरमागे ६०-७० ग्रॅमने सुरुवात केली, तर ज्या दिवशी चव जमली असं आपल्याला वाटतं त्या दिवशी त्यातली बरीचशी, कित्येकदा निम्मी, तशीच शिल्लक असते. म्हणजे बाटली बंद करताना आत सातआठ व्हॉल्यूमचा माल आधीच पडलेला असतो. एवढा गॅस कुठलीच घरगुती बाटली सुरक्षितपणे पेलणार नाही. त्यावर आपण एक चमचा साखर घातली काय आणि दोन घातले काय, गॅस किती होणार हे त्या चमच्यावर ठरत नाही. ते ठरतं बाटली किती तापमानात किती वेळ बाहेर राहिली यावर. जे 'तीन दिवस बाहेर, मग फ्रिजमध्ये' असं कृतीत लिहिलेलं असतं, ते कोणाच्या तरी २२-२४ अंशांच्या स्वयंपाकघरातलं असतं. आपल्याकडे जानेवारीत निफाडचा पारा बातमीत येतो तेव्हा घरातली फरशीही गार पडलेली असते, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी असताना ओट्यावर ३२-३४ अंश सहज असतात. ढोबळ मानाने १० अंश वाढले की यीस्टचं काम दुप्पट वेगाने चालतं. एकाच कॅलेंडरने दोन्ही ऋतूंत काम करणार असाल तर एकदा सपक आणि एकदा कारंजं, हे ठरलेलंच.

आता निदान. पहिला प्रश्न: एकाच खेपेच्या सगळ्या बाटल्या सारख्या वागतात का?

नसतील, म्हणजे एक सपक, दुसरी बरी आणि शेवटची तोंडावर येते, तर तापमानाला दोष देऊ नका. बरणीच्या तळाशी नीट बघा. तपकिरी, गाळासारखा मऊ थर दिसेल, आणि स्कोबीच्या खालून तशाच रंगाचे धागे लोंबत असतील. यीस्टचा मोठा साठा तिथे असतो. वरून ओगराळ्याने भरत गेलात तर पहिल्या बाटल्यांना निवळ मिळतं आणि शेवटच्या बाटलीत सगळा गाळ जातो. तोटीची बरणी असेल तर बरोबर उलटं: पहिली बाटली गाळ घेऊन जाते. खात्री करायची असेल तर पुढच्या खेपेला भरण्याच्या क्रमाने बाटल्यांवर चिकटपट्टी लावून आकडे टाका. उघडताना कुठली कशी निघाली ते लिहून ठेवा. एका खेपेतच चित्र स्पष्ट होतं.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळायचा. आधी स्कोबी बाजूला काढा. पुढच्या खेपेचं विरजण वरच्या निवळातून काढून घ्या. गाळातलं घेतलंत तर पुढची खेप यीस्टने भरलेली आणि आंबट कमी अशी होत जाते. त्यानंतर लांब चमच्याने तळापासून हलकेच ढवळा आणि मग भरा. रसाचंही तसंच. प्रत्येक बाटलीत वेगळा चमचा मोजत बसण्यापेक्षा सगळा रस एका पातेल्यात कोंबुचात मिसळून मग बाटल्या भराव्यात. बिअरवालेही साखरेचा पाक आधी सगळ्या बिअरमध्ये मिसळतात, ते याचसाठी. त्यांची एवढी सवय मात्र जरूर उचला.

सगळ्याच बाटल्या सपक असतील तर चव घ्या, चवीत अर्धं उत्तर असतं. गोड आणि सपक म्हणजे यीस्टने काम केलेलं नाही. थंडीत हे होणारच. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवून सोबत गरम पाण्याची एक बाटली ठेवा आणि पाणी रोज संध्याकाळी बदला. २४-२५ अंश मिळाले की तीन-चार दिवसांत फरक दिसतो. इन्व्हर्टरच्या शेजारचा कोपराही चालतो. उन्हात मात्र ठेवू नका, काचेला तर अजिबातच नको.

थंडी नसताना गोड आणि सपक निघत असेल तर रस कुठला वापरला ते बघा. डब्यातल्या किंवा खोक्यातल्या रसाच्या लेबलवर आयएनएस २११ किंवा आयएनएस २०२ लिहिलेलं असेल, तर ते सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट. यीस्ट वाढू नये म्हणूनच ते घातलेले असतात. असा रस घालून वर गॅसची वाट बघणं व्यर्थ. पिवळे बेदाणे बहुधा गंधकाची धुरी दिलेले असतात, तेव्हा 'प्रत्येक बाटलीत दोन बेदाणे टाका' या सल्ल्याचाही फार भरवसा नाही.

आंबट आणि सपक निघाली तर गोष्ट वेगळी. साखर खाल्ली गेली, गॅस झाला आणि निघून गेला. बाटली पाण्याच्या बादलीत आडवी बुडवून झाकणाजवळ पाहा. बारीक बुडबुड्यांची रांग दिसली की चोर सापडला. तारेच्या झाकणाच्या बाटल्यांमध्ये रबराचा वॉशर कडक होऊन चिरतो, तो बदलायचा. कोल्डड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्यांची झाकणं बरीच वापरली की आतली पातळ गादी बसकी होते. झाकण नवं घ्या, बाटली चालेल.

एक तिसरा प्रकार असतो आणि लोक त्यालाही सपक म्हणतात: उघडताना मोठा 'फस्स' येतो, पण ग्लासात ओतल्यावर बुडबुडे दिसत नाहीत. गॅस झालेला असतो, फक्त तो पेयात उतरलेला नसतो, वरच्या मोकळ्या जागेत बसलेला असतो. हवेच्याच दाबाखाली ३० अंशांचं पाणी आपल्या आकारमानाच्या दोन तृतीयांश एवढाच कार्बन डायऑक्साइड धरतं. ४ अंशांचं पाणी जवळपास दीडपट धरतं. म्हणून बाटली निदान २४ तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. पाहुणे दारात आले म्हणून अर्धा तास फ्रीझरमध्ये टाकून भागत नाही. आणि भरताना वर दोन बोटं जागा सोडा, चार नको.

आता कारंजं. नाशिकमध्ये तापमानाच्या जोडीला याचं मोठं कारण द्राक्ष आहे, आणि हंगाम नेमका ऊन वाढण्याच्या काळात येतो. एखादा बागायतदार ओळखीचा असेल तर त्याच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच; काढणीआधी मण्यांची गोडी तो त्यावरच बघतो. रसाचा एक थेंब काचेवर टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून आत बघा. निळ्या-पांढऱ्या रेषेवर १८ आलं तर १०० मिली रसात १८-१९ ग्रॅम साखर आहे. लिटरच्या बाटलीत असा १०० मिली रस घातला आणि ती सगळी आंबली, तर एकट्या रसातून साडेचार व्हॉल्यूमच्या वर गॅस होतो. नेहमीच्या कोल्डड्रिंकमध्ये साडेतीन-चार असतो. त्यात बरणीतली उरलेली साखर वेगळी. मी द्राक्षाचा रस लिटरमागे ४०-५० मिलीच्या वर नेत नाही. चवीला तेवढा पुरतो. ज्याला जास्त लागतो त्याने ग्लासात ओतल्यावर वरून घालावा. (हा रिफ्रॅक्टोमीटर ताज्या रसापुरताच वापरा. आंबलेल्या पेयात अल्कोहोलमुळे त्याचा आकडा फसवा येतो.)

गर आणि सालंही कारंज्याला हातभार लावतात. विरघळलेला गॅस खरखरीत कणांवर बुडबुडे धरतो. आत आल्याचा कीस किंवा द्राक्षाची सालं तरंगत असली की झाकण उघडताच सगळीकडून एकदम फेस उठतो. गॅस माफक असला तरी हे होतं. मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. आल्याचा रस घाला, कीस नको.

ऋतू कुठलाही असो, एक सवय ठेवा: प्रत्येक खेपेत एक तरी प्लॅस्टिकची बाटली भरायची. बाटली कोल्डड्रिंक-सोड्याची हवी, जिच्या बुडाला पाच पाय असतात. सपाट बुडाची पाण्याची पातळ बाटली नको, ती या दाबासाठी बनलेलीच नाही. भरल्यावर अंगठ्याने मध्यावर दाबा: खड्डा पडतो. रोज सकाळ-संध्याकाळ दाबत राहा. आधी खड्डा पडून परत वर येतो, मग नुसता लवतो, आणि एका सकाळी अंगठा आत जातच नाही, अगदी दुकानातल्या न उघडलेल्या बाटलीसारखं. त्या क्षणी सगळी खेप फ्रिजमध्ये. एप्रिलमध्ये हे दीड दिवसात होऊ शकतं, जानेवारीत आठवडा लागेल. कृतीतल्या दिवसांपेक्षा या अंगठ्यावर विश्वास ठेवा. संध्याकाळी बाटली जवळजवळ कडक लागली तर 'सकाळी बघू' म्हणू नका, उन्हाळ्यात तेवढी एक रात्रही पुरते.

काचेबद्दल स्पष्टच सांगतो, कारण इथे हात कापतात. आपल्या गावात वाइनच्या रिकाम्या बाटल्या फुकट मिळतात आणि दिसायलाही देखण्या असतात. साध्या वाइनची बाटली दाबासाठी नसतेच. स्पार्कलिंग वाइनची बाटली चालते: काच जाड, बुडाला खोल खळगा, आत पाच-सहा वातावरणांचा दाब पेलायची तयारी. पण तिच्या तोंडाला बहुधा २९ मिलिमीटरचं क्राउन बूच (बिअरच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण) लागतं, नेहमीचं २६ चं बसत नाही; घेण्याआधी मोजा. चौकोनी, नक्षीच्या बाटल्या, तारेच्या झाकणाच्या असल्या तरी, तेलासाठी ठेवा. चौकोनाच्या कोपऱ्यांवर दाब साठतो आणि काच तिथेच जाते. बिअरच्या जुन्या बाटल्या गोल आणि बऱ्या असतात, पण तोंडाशी टवका उडालेला किंवा अंगावर खोल ओरखडा असेल तर सरळ फेका.

आणि बाहेर राहून गेलेली, हमखास जास्त भरलेली काचेची बाटली सापडली तर? ती हलवण्याआधी हेल्मेट घाला, काच खाली ओढा, हातात जाड मोजे. बाटलीवर ओलं गोणपाट टाका, तसंच उचलून फ्रिजमध्ये ठेवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. गार झाल्यावर मोरीत, फडक्याखाली, झाकण किंचित सैल करून पुन्हा घट्ट, असं करत गॅस काढा. हसू येत असेल तर येऊ द्या. ३० अंशांवर चार व्हॉल्यूम म्हणजे आत हवेच्या सहापट दाब असतो. दुचाकीच्या टायरमध्येही एवढा नसतो.

उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिजचं दार उघडू नका. फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, फक्त आळसावतं. सात-आठ तास वीज नसेल तर परत आल्यावर चाचणीची बाटली आधी दाबून बघा.

ज्यांच्याकडे दरवर्षी हा खेळ होतो त्यांना माझा खरा सल्ला केगचा, म्हणजे दाब पेलणाऱ्या स्टीलच्या पिंपाचा आहे. गॅस बाहेरून भरायचा, यीस्टच्या मर्जीवर सोडायचाच नाही. आणखी एका कारणासाठीही. यीस्ट साखरेतून जेवढा गॅस करतं, जवळपास तेवढ्याच वजनाचं अल्कोहोलही करतं. बंद बाटलीत हवा नसल्यामुळे ते खाऊन आंबट करणारे जिवाणू थंडावतात आणि अल्कोहोल तसंच राहतं. दोन व्हॉल्यूम गॅस बाटलीत तयार झाला की सोबत साधारण अर्धा टक्का अल्कोहोल आलं, आणि आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वरचं पेय मद्यात मोजलं जातं. घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा अजिबात न घेणारे कोणी असतील तर 'हे नुसतं चहाचं पेय आहे' म्हणून बाटलीत फसफसलेला कोंबुचा पुढे करू नका. केगमध्ये, फ्रिजच्या गारव्यात, बाहेरच्या गॅसने हे वाढत नाही.

केग आणला की तक्रारी बदलतात. पहिली: 'रेग्युलेटर १२ वर लावला, आठवडा झाला, गॅस चढत नाही.' कारण केग फ्रिजबाहेर असतो. ४-५ अंशांवर अडीच व्हॉल्यूमसाठी ११-१२ पीएसआय (रेग्युलेटरवरचं दाबाचं एकक) पुरतात. ३० अंशांवर त्याच गॅसला चाळीसच्या आसपास लागतात. आधी केग पूर्ण गार करा, मग गॅस लावा आणि आठ-दहा दिवस विसरा. घाई असेल तर गार केगला ३० पीएसआय लावून मिनिट-दोन मिनिटं हलवा आणि दाब परत खाली आणा, पण यात प्रमाण चुकतं. कुठल्या तापमानाला किती दाब, याच्या तयार तक्त्यात दिलेल्या आकड्यात आपल्याकडे एक पीएसआय वाढवायचा: तक्ते समुद्रसपाटीचे असतात आणि नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे.

दुसरी: 'सिलिंडर चार दिवसांत रिकामा.' ती गळती. झाकणाची मोठी ओ-रिंग (रबराचं कडं) आणि दोन्ही पोस्टच्या (नळ्या जोडायच्या तोंडांच्या) छोट्या ओ-रिंगांवर भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि बघा. झाकण बसत नसेल तर थोडा वेळ दाब वाढवून ते वर बसू द्या. गळती नुसती पैशाची बाब नाही; बंद खोलीत हा गॅस खाली साठतो आणि गुदमरायला होतं, म्हणून सिलिंडर हवेशीर जागीच ठेवायचा.

तिसरी: 'ग्लासात नुसता फेस.' नळी आखूड असते. ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची निदान दोन-अडीच मीटर नळी लावा, तीही फ्रिजच्या आत गुंडाळून. पहिला ग्लास तरीही फेसाळ येतो, कारण तोटी बाहेर उन्हाळ्यात तापलेली असते. तो ग्लास स्वतः प्या. आणि तोटी, जोड सगळे स्टेनलेसचेच घ्या. कोंबुचा इतका आंबट असतो की पितळेतला धातू उतरतो.

सिलिंडर घेताना खाद्य दर्जाचा गॅस मागा आणि तसं लिहून घ्या. सातपूर-अंबडकडे वेल्डिंगसाठीचा कार्बन डायऑक्साइड सहज आणि स्वस्त मिळतो, तो नको. आत किती उरलाय हे काट्यावर कळत नाही: सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत काटा फक्त तापमान दाखवत राहतो, आणि ३१ अंशांच्या वर तर तो गॅस द्रवरूपात राहतच नाही, दाब नुसता चढतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर कोरलेलं असतं. भाजीवाल्याचा काटा मागून घ्या, वजन करा, तेवढं वजा करा.